लालसूची किंगरी

११ जानेवारी १९५४

बापूजी मालगुजारांच्या दिवाणखान्याची भिंत आज धुतली. मालगुजारी गेली, हौस गेली नाही! शंभर वर्षांपूर्वीची चित्रं मला पुन्हा रंगवायचीत. राजाची स्वारी शाबूत आहे, अगदी मिशांसकट. पण पुढच्या वादकाचे हात पोपडे होऊन गळलेत – वाजवत काय होता? सनई? सारंगी? बापूजींनाही आठवत नाही. डोक्यात किडा वळवळतोय.

१३ जानेवारी

वादकाचा खांदा झुकलाय – म्हणजे गजाचंच वाद्य! नमुन्याला किंगरीवाला लालसू बसवला. तीन तारा, घोड्याच्या केसांचा गज.

"कोणत्या घोड्याचे?"

"आज्याच्या टायमाचे हायेत भाऊ. घोडा कोनं पाह्यला?"

आवाज – ओलं लाकूड चुलीत कण्हतं तसा. मला ती माझ्या वाद्यसंग्रहात हवी. हवीच!

१४ जानेवारी

देत नाही. बदल्यात माझी बाजाची पेटी देतो म्हटलं, तरी नाही. "आमच्यात वाजवनारा मेला का किंगरी त्याच्यासंगच जाते."

१९ जानेवारी

लालसूला चहाला घरी आणलं. माझी वाद्यं पाहून पाघळेल, हा डाव. गोकुळानं चहाबरोबर गाऱ्हाणंही दिलं – "याईच्यापायी माह्या घरात पाय ठेवाले जागा नाई!" बायको कोणाची!

लालसू वाद्यं टांगलेल्या भिंतीपाशी गेला, मुंडासं उतरवलं. "इतके मानसं मेले, भाऊ?"

मी हसलो. समजावलं – गावोगाव फिरून मागून आणली, माणसं जिवंत आहेत.

"मंग थे आता काय वाजवतेत?"

राग आला, पण त्याचा नाही.

२ फेब्रुवारी

भिंतीवरचे हात पुरे झाले. बोटं साधली! लालसू मात्र बघायला फिरकला नाही. का बरं?

११ फेब्रुवारी

लालसू आला. डावा हात लुळा – लकवा. किंगरी माझ्या मांडीवर ठेवली. "घे भाऊ. अर्धा तं मेलोच."

इतकी हवी होती, आणि आता हात लावायचा धीर होईना. वाईट वाटलं. फार वाईट. त्याला म्हटलं, उद्या ये.

१२ फेब्रुवारी

गज त्याच्या उजव्या हातात, तारांवर बोटं माझी. आयुष्यात प्रथमच काही वाजवलं – भयंकर! "खाली दाब... आनखी खाली!" तो खेकसत होता. जाताना किंगरी बगलेत मारून घेऊन गेला. मी मागितली नाही.