दोन नावांमधली घडी

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी १.१०

आजपासून रोजनिशी. डोक्यात मावत नाही आणि कोणाला सांगण्यासारखं नाही.

वेदिकाचं लग्न ठरलं. समर्थशी. समर्थ म्हणजे आमच्या प्रेसमधला ऑफसेटवाला. तो छापतो ते कागद माझ्या यूव्ही मशीनवर येतात, मी त्यांच्यावर वार्निश चढवून दिव्याखाली सुकवतो आणि चकाकी आणतो. म्हणजे आजवर त्याच्या कामाला चमक मी दिली आणि पेढे त्याने वाटले. मी पेढा घेतला नाही. नंतर घेतला, पण खाल्ला नाही. नंतर खाल्ला, पण चव घेतली नाही.

नोंद राहावी म्हणून लिहितो. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून मी अंबडच्या या प्रेसमध्ये आलो तो केवळ वेदिकासाठी. प्रोजेक्टचं कव्हर छापायला आलो होतो, ती डिझाइनला बसली होती, तिने विचारलं, फॉन्ट कोणता ठेवू? असं कोणी उगाच विचारत नाही. त्याला चौदा महिने झाले. तिला सांगायचं तेवढं राहिलं.

आता फक्त सूड. तपशील उद्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तपशील सुचला नाही. द्राक्षांच्या पेट्यांचा सीझन, मान वर करायला वेळ नाही. चहाच्या वेळी समर्थला नजरेने जाळला. तो म्हणाला, "सोम्या, डोळ्यात काही गेलं का रे?" पाणी आणून दिलं. ढोंगी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ११

पिंपळगावच्या पार्टीचा माल परत आला. पेट्यांचे कागद एकमेकांना चिकटलेले, सोडवताना द्राक्षांचं चित्र निम्मं इकडे निम्मं तिकडे. शेठ माझ्यावर आले. मी ठामपणे सांगितलं, छापलेले कागद चिकटू नयेत म्हणून समर्थ जी पावडर मारतो ती जास्त पडते, त्यावर वार्निश बसत नाही. शेठ मग त्याच्यावर ओरडले. तो मान खाली घालून "बघतो" एवढंच म्हणाला. निरपराध माणूस असं बोलत नाही. सुडाला सुरुवात झाली असं धरायला हरकत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मेंटेनन्सच्या वहीत रोज लिहायचं असतं, दिवा किती तास चालला, रिफ्लेक्टर पुसला का, रोलर धुतले का. मी शनिवारी सहा दिवसांचं एकदम लिहितो. "सर्व ओके." वेळेचं नियोजन.

मोठी बातमी. दोघांच्या लग्नपत्रिका आपल्याच प्रेसमध्ये छापणार. डिझाइन वेदिकाचं, छपाई समर्थची, कोटिंग माझं. ती स्वतःच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात देते आहे. विचार करून केलं असणार. मीही विचार करून करीन.

सोमवार, १० फेब्रुवारी. दुपारी १.३०

योजना तयार. पत्रिका मधोमध दुमडते. डाव्या पानावर चि. सौ. कां. वेदिका, उजव्या पानावर चि. समर्थ. बरोबर मध्ये घडी. माझ्या हाताखालचे, म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली आहे ते फकिराकाका नेहमी सांगतात, वार्निश जास्त भाजलं की पापडासारखं होतं, घडी घातली की तडकतं. म्हणजे दिवा फुल, कागद दिव्याखालून नेणारा पट्टा हळू. सातशे पत्रिका, सातशे घरांत दोन नावांच्या मधोमध पांढरी चीर. वडीलधारे हातात घेऊन म्हणतील, हे काय अभद्र. पुढचं आपोआप होईल. कोर्टात सिद्ध होणार नाही असं काम.

इंजिनिअरिंग वाया गेलं म्हणणाऱ्या आईने हे बघायला हवं होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपारी ४

झालं. एरवी दिवा अर्ध्यावर असतो, आज फुल. पट्टा गोगलगायीसारखा. कागद गरम गरम बाहेर.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. दुपारी १

घडी मारून पत्रिका आल्या. एक उघडली. तडा नाही. दुसरी उघडली. नाही. चाळीस उघडल्या. नखाने खरवडलं, चिकटपट्टी लावून ओढली. काहीही निघत नाही. काचेसारखी चकाकी.

शेठनी पत्रिका उजेडात धरून फिरवली आणि म्हणाले, "चौदा महिन्यांत पहिलं काम." बाकीच्यांना दाखवायला एक काउंटरवर टांगली.

फकिराकाकांना कारण विचारलं, म्हणजे सहज. ते मशीनवरच्या तासांच्या मीटरकडे गेले, चष्मा वर केला. "दिव्याचं आयुष्य हजार तास. इथं तेवीसशे झालेत. म्हातारा दिवा तू अर्ध्यावर चालवतो, म्हनून तुझा माल कच्चा ऱ्हातो, चिकटतो. काल फुल दिला, तवा कुठं बरोबर भाजलं. वहीत काय लिवत होता रे?"

मी म्हटलं, ओके. ते म्हणाले, "लय ओके हाय."

म्हणजे द्राक्षांच्या पेट्यांचंही तेच. काकांनी शेठना सांगितलं. शेठनी समर्थची माफी मागितली, मला मागायला लावली. समर्थ "होतं रे" म्हणाला आणि खांद्यावर हात ठेवला. हा अपमान मी विसरणार नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजच्या तारखेबद्दल काही लिहायचं नाही.

वेदिकाचे मामा लासलगावहून आले. कांद्याचे व्यापारी, आवाज लिलावाचा. पत्रिका इतकी आवडली की मार्केटातल्या लोकांसाठी आणखी तीनशे पाहिजेत म्हणाले. वरच्या मजल्यावरून, डिझाइनच्या खोलीतून, वेदिकाचं हसू ऐकू आलं.

तीनशे. दैवाने दुसरी संधी दिली. यावेळी चूक नाही. पहिली योजना फसली ती मशीन खराब म्हणून, माझ्यामुळे नव्हे. आता मशीन आधी नीट करणार. नेम धरायचा तर बंदूक साफ हवी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शेठनी नवा दिवा मागवला. मी हातमोजे घालून बसवला, उघडं बोट काचेला लागलं तर डाग भाजून बसतो. रिफ्लेक्टर स्पिरिटने पुसला. आतून आरसा निघाला. मला वाटायचं तो काळाच असतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रोलर काढून धुतले. खाली वाळलेलं वार्निश खरवडलं, अर्धी बादली. पट्टा एका बाजूला सरकत होता, तो सरळ केला. जेवायला गेलो नाही. काका लांबून बघत होते. मग ऑफिसात जाऊन म्हणाले, "पोरगं सुधारलं." बिचाऱ्यांना माणसाच्या मनातला अंधार दिसत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी. सकाळी १०.३०

चाचणी. कोरा आर्टपेपर, नवा दिवा फुल, पट्टा हळू. घडी घातली. कर्र. पांढरी चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. चीर पडलेला कागद पाकिटात ठेवला.

तीनशे पत्रिका उद्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. संध्याकाळी ५

सविस्तर लिहितो, कारण याचा चुकीचा अर्थ लागू शकतो.

दिवा फुल होता. पट्टा हळू. पहिला कागद आत जाणार एवढ्यात वेदिका खाली आली. मामांना आधीसारखाच रंग हवा म्हणून स्वतः बघायला. पुढच्या टोकाला उभी राहिली, बाहेर येणारे कागद घ्यायला. चाळीस मिनिटं. माझ्या आणि तिच्यामध्ये फक्त मशीन.

तिने विचारलं, "दिवसभर या उजेडापाशी असतोस? डोळ्यांना चष्मा देतात ना?" मी म्हटलं, देतात. ती म्हणाली, "मग लाव की. कपाळावर कशाला ठेवलास?"

चौदा महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही, पण आईने मशीन पाहिलेलं नाही.

मी चष्मा लावला. मग नॉब अर्ध्यावर आणला आणि पट्ट्याचा वेग बरोबर केला. विजेच्या बचतीसाठी. दया वगैरे नव्हती.

मग ती म्हणाली, "कॉलेज का सोडलंस रे?" तोंडापर्यंत आलं होतं. मशीनचा आवाजही नेमका कमी झाला होता. मी म्हटलं, अटेंडन्स.

ती म्हणाली, "परत फॉर्म भर. डोकं आहे तुला." आणि तीनशे निर्दोष पत्रिका छातीशी धरून वर गेली.

सूड रद्द नाही. तहकूब.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सगळ्यांना पत्रिका वाटल्या. आमच्या टेबलावर एकच. पाकिटावर तिच्या अक्षरात: श्री. फकिराकाका आणि कोटिंगवाले.

तासभर विचार केला. कोटिंगला आम्ही दोघंच. काकांचं नाव वेगळं लिहिलेलं. म्हणजे "वाले" मी एकटाच. एका माणसाला कोणी उगाच अनेकवचनी लिहीत नाही. आदरच आहे.

तरीही जाणार नाही.

रविवार, २ मार्च. दुपारी ३

गेलो. काकांना गाडीवर नेणारं कोणी नव्हतं.

पाथर्डी फाट्याजवळचं कार्यालय. ठरवलं होतं की समोर उभं राहायचं, दोघांच्या डोळ्यात बघायचं, एक शब्द बोलायचा नाही. उभा राहिलो. समर्थने हात धरून फोटोत ओढलं. फोटोग्राफर म्हणाला, "दादा, जरा हसा की." बहुतेक हसलो.

पंगतीत लासलगावचे मामा आग्रह करत फिरत होते. आमच्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "पाव्हणे, मुलाकडचे का मुलीकडचे?"

मी काही बोलायच्या आत फकिराकाका म्हणाले, "मशीनकडचे."

मामांनी मान डोलावली, जणू असे पाहुणे दरवेळी असतात, आणि दोन्ही ताटांत जिलब्या वाढल्या. चार-चार. शत्रूच्या घरचं अन्न संपवणं हाही एक प्रकारचा सूडच.

पाचवी मी मागून घेतली.