लिपाचं शेवटचं प्रकरण

७ फेब्रुवारी

मी नक्कल करणार नाही! येवग्राफला तोंडावर सांगितलं. लग्न झाल्यापासून त्याच्या प्रत्येक कादंबरीची स्वच्छ प्रत मीच काढत आले. ही नाही काढणार. यातली आजारी मुलगी म्हणजे आमची लेक लिपा. तिचा निळा हातमोजा, बार्लीची पेज थुंकून टाकणं — सगळं उचललंय! पोरीच्या थडग्यावरची माती अजून बसली नाही, आणि हा तिचं मरण पीटर्सबर्गच्या मासिकात छापणार.

"मी खोटं लिहीत नाही, वार्या. आजवर एक खोटी ओळ लिहिली नाही."

खऱ्याचा एवढा पुळका! दफनाच्या दिवशी मात्र डोळ्यांतून टिपूस नाही.

८ फेब्रुवारी

बोलणं बंद. जेवणही वेगळं.

१२ फेब्रुवारी

लिहिलेलं प्रकरण घरात वाचून दाखवायची त्याची जुनी खोड. लिपाला जिनं वाढवलं ती म्हातारी फ्योक्ला शेगडीपाशी ऐकत बसते. पोर गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. आज त्यानं तापाच्या रात्रीचं प्रकरण वाचलं.

"मालक, पुढं काय होतं हो पोरीचं?"

काय होतं! मी दार आपटून निघून गेले.

१९ फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण. कागद हिसकावून चुलीत घालायचे, असं ठरवूनच दाराशी उभी राहिले.

तर काय — पहाटे ताप उतरतो. मुलगी उठून बसते, चमचाभर जाम मागते.

धडधडीत खोटं! टीकाकार सोलून काढतील त्याला. वाचताना तो दोनदा अडखळला. माझ्याकडे बघितलं नाही. मला इतका राग आला — कुणाचा, ते कळेना.

फ्योक्लानं छातीवर क्रॉस काढला. "बघा बाई, जगली आपली लिपा! मालक कधी खोटं लिहितात का?"

२२ फेब्रुवारी

उद्या प्रार्थनेत वाचायच्या फ्योक्लाच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहायला बसले. तिला अक्षरओळख नाही, दर वेळी मीच लिहिते. एक मेलेल्यांच्या शांतीसाठी, एक जिवंतांच्या प्रकृतीसाठी. लिपाचं बाप्तिस्म्याचं नाव, ओलिम्पियादा, जिवंतांच्या चिठ्ठीत घाला म्हणून हटून बसली!

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी ओरडलेच.

"मालकांनी लिहिलं की! मग तुमचा हात का अडतो?"

२३ फेब्रुवारी

येवग्राफ कधी नव्हे तो चर्चमध्ये आला. पाद्र्याच्या हाताखालच्या डिकननं चिठ्ठीतली जिवंतांची नावं वाचली. फ्योक्ला, तिची बहीण, आमचा गाडीवान. मग, माझ्याच अक्षरातलं — "बालिका ओलिम्पियादा."

येवग्राफ तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडला. मी त्याचा हात धरला.

त्याची नक्कलच केली मी शेवटी.