निळ्या फडक्यातलं इंजिन

मखमलाबाद, नाशिक
ऑक्टोबर १९९८

चिरंजीव महेशराव यांस सावळीरामचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं, गाय आणि शेतातली शेवंती खुशाल आहोत. तुमचीही खुशाली कळवत जावी. चि. तेजस्विनीचा खोकला गेला का? (तिला रात्री ताक देऊ नका. ती मागेल. तरी देऊ नका.) लग्नानंतरचं हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र, आणि सासऱ्याने जावयाला कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

काल शेजारी तुमचा फोन आला, की छोट्या विमानांच्या स्पर्धेत पंचांनी इंजिन उघडून मोजलं, ते अडीच सीसीच्या आत भरलं, विमान उडालं आणि धडपणे खालीही आलं. फोन ठेवला आणि मी तिथेच त्यांच्या ओट्यावर बसलो. शेजारणीला वाटलं काही वाईट बातमी आहे, तिने तांब्याभर पाणी आणलं. ते मी सगळं प्यायलो. तुम्हाला यात काय विशेष वाटणार? इंजिन मागितलं, इंजिन आलं. पण महेशराव, ते तुमच्या हाती कसं पोचलं हे आता सांगायला हरकत नाही, कारण आता त्यात काही बिघडण्यासारखं उरलेलं नाही.

वैशाखात तुम्ही, पुण्याच्या खोलीत जागा नाही म्हणून, तुमची पत्र्याची पेटी आमच्या पलंगाखाली ठेवून गेलात. आत लहान विमानांची सहा इंजिनं, मुठीत मावतील एवढी, आणि एकावरही नाव नाही की आकडा नाही. तुम्ही म्हणाला होतात, "मामा, मी यांना फडक्यावरून ओळखतो, तेवढी फडकी इकडची तिकडे होऊ देऊ नका." मी शब्द दिला. पुढे खंडेनवमी आली. दसऱ्याच्या झेंडूपायी मी दिवसभर मार्केटात, आणि घरी विळे, खुरपी, फवारणीचा पंप, फुलं तोलायचा काटा यांची पूजा मांडलेली. तुमच्या सासूबाईंच्या, म्हणजे लंकाबाईच्या, मनात आलं, की घरच्या सगळ्या लोखंडाला हळदकुंकू आणि जावयाच्या लोखंडाने पलंगाखाली अंधारात बसायचं? तेही पहिल्याच वर्षी? हेतू शुद्ध होता. पण पारोशा वस्तूची पूजा ती करत नाही. तेव्हा सहाही इंजिनांना कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून अंघोळ झाली. सोड्याने ती काळवंडली, म्हणून चिंच लावून घासणं झालं. फडकी तेलकट होती, म्हणून तीही धुतली. मी घरी आलो तेव्हा दोरीवर निळी, पिवळी, लाल फडकी वाळत होती, आणि खाली ताटात तुमची सहा इंजिनं डोक्यावर एकेक झेंडू घेऊन बसली होती. मी हातपाय धुऊन ताटाला नमस्कार केला. सणाचा दिवस होता.

मग तुमचं पत्र आलं. रविवारी तुमचा मित्र राज येईल, त्याच्याकडे निळ्या फडक्यातलं अडीच सीसीचं डिझेल इंजिन द्यावं. स्पर्धा तेवढ्याच मापाची आहे, भलतंच गेलं तर वर्षभराची मेहनत पाण्यात. हे मी मोठ्याने वाचलं, ही माझी चूक. लंकाबाईची तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली, आणि त्यानंतर ती गप्पच झाली. (हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. लंकाबाई गप्प.) तुम्हाला फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता, मान्य आहे. पण मग पहिल्याच वर्षी जावयापुढे तिची मान खाली गेली असती, आणि ते मला बघवलं नसतं. मध्ये एकदा ती काही सांगायला आली, तेव्हा मी तिला धीर दिला, की तू काळजी करू नकोस, हे यंत्राचं काम आहे, माझ्यावर सोड.

आधी वासाने पाहिलं. डिझेलवाल्याच्या तेलात ईथर असतं, त्याला दवाखान्यासारखा वास येतो, हे तुम्हीच एकदा जेवताना सांगितलं होतं. सहाही हुंगली. सहालाही चिंचेचा वास, एकाला तर थेट आमटीचा. मग मोगरा तोलायचा छोटा काटा काढून वजनं केली. माझा हिशेब असा, की जड ते मोठं. टोमॅटोत हा हिशेब कधी चुकत नाही. इथे मात्र दिसायला सगळ्यांत किरकोळ होतं तेच भारी भरलं. शेवटी विहिरीचे पंप दुरुस्त करणाऱ्या भिका मिस्त्रीला बोलावलं. त्याने चष्मा पुसला, एकेक इंजिन उचलून पाहिलं आणि सांगितलं, "तात्या, ही समदी मोपेडची पिल्लं हायेत." त्याला चहा दिल्यावर तो जरा गंभीर झाला. तिघांच्या डोक्यावर बारीक प्लग होता आणि आत केसासारखी तार. उरलेल्या तिघांना प्लगच नाही, वर फक्त आडवी दांडी, फिरवली की आत स्क्रू उतरतो. भिका म्हणाला, "याला ठिणगी नाय, तार नाय, मंग पेटतं कशावर? दाबावर. दांडीनं दाब कमी-जास्त करायचा. म्हंजी हेच डिझेल." त्या क्षणी मला त्याची पाठ थोपटावीशी वाटली, पण तो लगेच फुगतो, म्हणून फक्त आणखी चहा सांगितला.

राहिली तीन, आणि त्यांतलं अडीच सीसीचं कोणतं? डोकं उघडलं, नळी काढली, भिकाच्या व्हर्नियरने पिस्टनची रुंदी घेतली, आणि तो किती वर-खाली होतो ते अगरबत्तीच्या काडीवर नखाने खूण करून मोजलं. गुणाकार मी केला. (मी अकरावीपर्यंत शिकलो आहे, हे तुम्हाला लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतं.) मधलं इंजिन आलं दहा सीसी. भिका म्हणाला, "तात्या, दहाचं असंल तर घराचे पत्रे घेऊन उडंल ते." यावरून आमचं इतकं वाजलं, की गाय दावणीला उभी राहिली. त्याचं म्हणणं मला गणित येत नाही, माझं म्हणणं त्याला व्हर्नियर धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी शेवंतीला पाणी भरताना माझ्या लक्षात आलं, की रुंदी निम्मी करायची राहिली. तसाच चिखलाच्या पायांनी घरात आलो आणि पुन्हा गुणाकार केला. अडीचला जरासं कमी! धाकटं दीडचं, थोरलं साडेतीनचं, मधलं तुमचं. मी भिकाच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली आणि त्याने ती घेतली, वर पाव किलो फरसाणही घेतलं.

रविवारी राज आला. मला वाटलं आता जाणकार माणूस बघून सांगेल, तर तो म्हणाला, "काका, मी फक्त पिळलेल्या रबरावरची विमानं उडवतो, यातलं मला काही कळत नाही." जेवला आणि इंजिन डब्यात घालून गेला. तेव्हापासून कालच्या फोनपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. आता खरंच मोकळं वाटतं आहे. लंकाबाईला बातमी सांगितली तर ती एवढंच म्हणाली, "बरं झालं," आणि न मागता वरण वाढलं. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

चि. तेजस्विनीस आशीर्वाद. तुम्हीही तब्येतीला जपा, आणि विमानाखाली उभं राहू नका.

तुमचा,
सावळीराम

ता. क. : मूळ विनंती राहिलीच. दिवाळसणाला याल तेव्हा फडक्यांचा विषय काढू नका. उलट तिच्यासमोर सहज म्हणा, की पूजेनंतर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. झालं नसलं तरी म्हणा.

ता. क. दुसरा : उरलेली पाच मी पुन्हा जोडून ठेवली आहेत. एक स्क्रू उरला आहे. कोणाचा, ते बघतो.

जावईबापू, पाकीट डकवायला ह्यांनी माझ्याकडं दिलं, ते भाताची शितं लावायच्या आधी वाचलं. निळ्या फडक्यातलं कोणतं ते मला पहिल्यापासून माहीत हाय. मीच फडक्यातनं सोडलं, मीच न्हाऊ घातलं, त्याची दांडी एका बाजूला जराशी वाकडी हाय. सांगायला गेले तर म्हणले, हे यंत्राचं काम हाय. मग म्हटलं, करू द्या. तेजू सासरी गेल्यापासून हा माणूस जेवला की भिंतीकडं बघत बसायचा. ह्या दिवसांत भिकाशी भांडले, हसले, भाकरी मागून घेतली. भलतंच इंजिन काढलं असतं तर मी गुपचूप बदललं असतं. हे त्यांना सांगू नका. दिवाळीला दोघं या. पेटी मात्र नेऊ नका. फडकी मी पुन्हा धुणार हाय.