आधी कोपरे

४ नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर झोपले नाही. डोळे मिटायचे, परत फोन उघडायचा, लेकीचं, टिल्लीचं तोंड बघायचं, परत मिटायचे. काल नवऱ्याचा फोन आला. म्हणाले, "पोरगी रमलीय ताईकडे. आता शाळेत जाईपर्यंत तिकडेच राहू दे."

आठ दिवसांसाठी नेली होती! मला ताप होता, तिला लागायला नको म्हणून. आज एकोणतीस दिवस झाले.

मी म्हटलं, मी येते न्यायला. तर ह्यांचा आवाज एकदम खाली गेला. ह्यांनी आरडाओरडा केला तर मला तेवढी भीती वाटत नाही. आवाज खाली गेला की वाटते. "येऊन तर बघ." एवढंच. फोन बंद.

हे लांब रस्त्याच्या कामावर आहेत, रोलर चालवतात. नणंद दुसऱ्या गावाला, बसने सहा तास. लग्नाला पंधरा वर्षं झाली तिच्या. मूल नाही.

हे लिहायला काकांनी सांगितलं. काका म्हणजे स्टुडिओवाले, मी त्यांच्याकडे कामाला आहे. म्हणाले, "डोक्यात कोंबून ठेवू नकोस पोरी, कागदावर सांड." बुकिंगचं जुनं रजिस्टर दिलंय, मागची पानं कोरी आहेत. माझी शाळा पाचवीपर्यंत. चुका होतील. कोण बघतंय!

५ नोव्हेंबर, मंगळवार

काकांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन चौदा तारखेला. तोवर मी त्यांचे डोळे. फोटो तेच काढतात — पन्नास वर्षांची सवय, आवाजावरून सांगतात कोण वाकडं बसलंय! — पण निवडायचं माझ्याकडे. ते खुर्चीत मागे रेलून बसतात आणि मी स्क्रीनवर बघून सांगते.

आज एका घरातली नऊ माणसं आली होती. मी सांगायला लागले, आजोबा हसतायत, बाळ छान दिसतंय. काकांनी हात वर केला.

"तोंडं नको. तोंडं सगळेच बघतात. आधी कोपरे सांग. चारही. मग कडा. मग मधलं."

कोपऱ्यात काय असणार! पण बघितलं तर खाली उजवीकडे कुणाची तरी उलटी चप्पल. आणि डाव्या कडेला थोरल्या सुनेचा हात मनगटापासून कापलेला.

"बघ," काका म्हणाले, "भिंतीवर लावला असता आणि दर भांडणात ती म्हणाली असती, ह्या घराने मला फोटोत पण अर्धीच ठेवली. शिव्या मला!"

मी हसले. किती दिवसांनी.

६ नोव्हेंबर

टिल्लीशी बोलू द्या म्हटलं. "झोपलीय." सकाळी अकरा वाजता?

७ नोव्हेंबर, गुरुवार

काकांकडे काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या आहेत. समोरासमोर धरल्या की चौकट होते. फोटोवर ठेवायच्या, सरकवायच्या, लहान-मोठी चौकट करायची. एकाच फोटोतून किती तरी फोटो निघतात! कापायच्या आधी ह्यात बघायचं. मी दिवसभर तेच करत बसले, पासपोर्टचे फोटो कापायचे राहिले.

काकांनी एक जुना फोटो काढून दिला. एक बाई बाकावर बसलेली. म्हणाले, "तिला मधोमध आण." आणली. "काय वाटतं?" मी म्हटलं, बाई बसलीय. "आता डाव्या कडेला सरकव. ती जिकडे बघतेय तिकडे जागा सोड." सोडली.

तीच बाई, तोच बाक. पण आता ती कुणाची तरी वाट बघत होती.

"रिकामी जागा रिकामी नसते," काका म्हणाले. "तिथे कोण यायचंय ते बघणाऱ्याला कळतं."

घरी आले. माझी कॉट भिंतीला लागून. बाकीची अख्खी खोली मोकळी. तिची दुडूदुडू धावायची जागा. मी दारातच उभी राहिले, चप्पल पायात तशीच.

८ नोव्हेंबर

काका म्हणाले, माहेरी कळव. कुणाला कळवू! आई-बाप नाहीत. एक दादा आहे, दोन तासांवर, वेल्डिंगचं दुकान. ह्यांच्याशी लग्न करू नको म्हणून पाया पडला होता माझ्या — मोठा असून! मी केलं. तेव्हापासून माझा नंबर दिसला की कापतो. टिल्ली झाली तेव्हा पण कापला. आज परत लावला. दोन वेळा वाजला, कापला.

मी चुकले हे मला त्याला सांगायचंय. पण त्यासाठी आधी त्याने फोन उचलायला हवा ना.

१० नोव्हेंबर, रविवार

दर रविवारी सकाळी टिल्लीचा फोटो येतो. चार रविवार, चार फोटो. तेवढ्यावर मी आठवडा काढते.

आज आला नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. तिकडे फोन केला तर म्हणे रेंज नाही. रेंज नाही तर माझा फोन लागला कसा? पण मी विचारलं नाही. मला विचारता येत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी काकांना म्हटलं, फोटो आला नाही. म्हणाले, "आलेले आहेत ते सांग मला. मी तुझी लेक कुठे बघितलीय अजून!" मी सांगायला लागले. गाल सांगितले. पुढचे दोन दात. कपाळावरची केसांची ती एक बट, जी कितीही तेल लावलं तरी बसत नाही. काका ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "आणि कोपरे?"

मला राग आला. माझी लेक आहे ती, गिऱ्हाईक नाही!

"माझ्यावर चिडलीस तरी चालेल," म्हणाले. "पण महिनाभर तू एकच गोष्ट बघतेयस. मोठे छाप काढ चारही. पट्ट्या घे."

फोटो मोठे काढले, टेबलावर मांडले. पण नजर तिच्या तोंडावरून हलेना. शेवटी पुठ्ठ्याची पट्टी घेतली आणि तिचं तोंड झाकलं. माझ्या हाताने. चारही फोटोंत. तेव्हा कुठे बाकीचं दिसायला लागलं.

वरचा उजवा कोपरा. पहिल्या फोटोत दोरीवर चादर, एक चिमटा सुटलेला, टोक खाली लोंबतंय. दुसऱ्यात — तीच चादर, तोच चिमटा सुटलेला. तिसऱ्यात. चौथ्यात. खाली पायरीवर खांबाची सावली, फरशीच्या त्याच चिरेवर. चारही वेळा!

एक महिना कुणी चादर काढली नाही? महिनाभर ऊन जागचं हललं नाही?

"कपडे?" काकांनी विचारलं.

कपडे वेगळे. पिवळा फ्रॉक, लाल स्वेटर, ठिपक्यांचा, निळा. म्हणून तर मला कधी शंका आली नाही. पण मग नीट बघितलं. प्रत्येकावर घड्या. मधोमध उभी एक, आडव्या दोन. ह्या घड्या माझ्या आहेत. पिशवीत भरताना मीच घातलेल्या. एकदाही अंगावर घालून धुतलेले नाहीत हे कपडे. पिशवीतून काढले, घातले, फोटो काढला, उतरवले, दुसरा घातला.

चारच कपडे दिले होते मी. चार कपडे, चार फोटो. संपले.

चार आठवडे नाहीत ते, काका. एक दुपार आहे.

काकांनी माझा हात धरला. म्हणजे त्या दुपारनंतर माझी टिल्ली कशी आहे, कुठे आहे, मला काही म्हणजे काही माहीत नाही.

१२ नोव्हेंबर

काल कडा बघायच्या राहिल्या होत्या. आज बघितल्या.

तिसऱ्या फोटोत डाव्या कडेला गुंडाळलेली गादी, दोरीने बांधलेली. तिच्यामागे खोकी. घर आवरत होते! त्याच दिवशी घर सोडत होते, आणि मधेच पोरीला पायरीवर बसवून फोटो काढले.

एका खोक्यावर चिठ्ठी चिकटवलेली. वर चित्र — गाडीचं चाक आणि त्याला पंख. खाली आकडे. काका ताडकन उठले. "पंखांचं चाक? अगं, ते गोदामांच्या रस्त्यावरचे! सामान हलवणारे. त्यांच्या मालकाच्या लग्नाचे फोटो मीच काढलेत, घोडा बुजला होता तेव्हा!"

आकडे अर्धे सावलीत होते. काकांनी मला छाप उजळ करायला शिकवलं, मी एकेक आकडा कागदावर उतरवला.

दुपारी दोघं चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "बापाकडे आहे ना? मग हरवली कशी? नवरा-बायकोचं घरी मिटवा." परत येताना काका म्हणाले, "त्याने पण फक्त तोंडच बघितलं, तुझं."

१३ नोव्हेंबर, बुधवार

गेले त्या ऑफिसात. काउंटरवर एक बाई, चष्मा कपाळावर आणि चष्माच शोधतेय.

"कुणाचं सामान?"

"माझ्या नणंदेचं."

"मग नणंदेला विचारा की!"

"तिला विचारता आलं असतं तर इथे कशाला आले असते, ताई!"

ती थांबली. मी छाप पुढे केला, आकडा दाखवला. तिने आकडा बघितलाच नाही, टिल्लीला बघितलं. मग मला. "किती दिवस झाले?" म्हटलं, अडतीस. तिने वही उघडली, बोट ठेवलं, वही माझ्याकडे फिरवली आणि म्हणाली, "मी जरा पाणी पिऊन येते."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. दोनदा वाचलं. सामान इथे आलंय. ह्याच शहरात! पाण्याच्या टाकीमागे, पिवळी इमारत, तिसरा मजला. माझ्या खोलीपासून आठ थांबे. मिळालं म्हणून सही — ती सही मी ओळखते. रोलर नाही, रस्ता नाही, लांब नाही. आठ थांबे.

खाली दुसरी ओळ, तोच पत्ता: शुक्रवारी सकाळी सात, सगळं सामान उचलायचं. कुठे न्यायचं ती जागा मोकळी सोडलीय. ती बाई आली, मी विचारलं. "गाडीत बसल्यावर सांगतो म्हणालाय. लांबची गाडी लावलीय बघ."

मी तिकडे गेले. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या छपरीखाली उभी राहिले. अर्ध्या तासाने गॅलरीत आली. टिल्ली! केस कापलेत. ती बट गेली. अंगावर कुणाचा तरी मोठा शर्ट. गजांतून हात बाहेर काढून खाली कागदाचे तुकडे टाकत होती, आणि प्रत्येक तुकड्याला "टाटा" म्हणत होती. तो आवाज!

हाक मारणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आतून नणंदेचा आवाज — "आईकडे ये, सोन्या!" — आणि ती वळली. वळली आणि गेली. मग तो बाहेर आला, रस्ता बघितला, दार लावून घेतलं.

'हे' नाही, 'तो' लिहिलं आज. लिहू दे.

ती फक्त अडीच वर्षांची आहे. तिला काय कळतं कोणाला काय म्हणायचं. पण मी हाक मारली नाही. घाबरले. उद्या घाबरून चालणार नाही, परवा सकाळी ती जागा पण रिकामी होईल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काकांना सकाळी दवाखान्यात सोडलं. मी येतो म्हणत होते, पुढची तारीख घेऊ म्हणत होते. त्यांना कालचं निम्मंच सांगितलंय. दुकानाची किल्ली माझ्याकडे. दुकान उघडं ठेवून चाललेय, रजिस्टर काउंटरवर, हे पान वर.

जो कोणी फोटो काढायला येईल, त्याने हे वाचावं. मी पिवळ्या इमारतीत जातेय, पाण्याच्या टाकीमागे, तिसरा मजला. दार उघडलं तर लेकीला घेऊन येईन. दुपारी एकपर्यंत इथे दिसले नाही तर समजा मला येता आलं नाही.

माझ्या दादाला फोन करा. नंबर ह्या पानाच्या खाली मोठ्या आकड्यांत लिहिलाय. माझ्या फोनवरून लावला तर तो कापतो. तुमचा नंबर त्याला अनोळखी आहे, तो उचलेल. पत्ता सांगा. नाव सांगू नका आधी, नाहीतर ठेवून देईल. म्हणा, तुमची भाची अडीच वर्षांची आहे आणि उद्या सकाळी सातला तिला घेऊन जाणार आहेत. मग म्हणा, तुमची बहीण एकटी गेलीय.

कृपा करा. फोटो नंतर काढा. आधी त्याला फोन करा.