लीड्सच्या रेडिओवरचे कॅप्टन

लीड्स, २२ एप्रिल २००६

ती. सौ. आईस,
ऋजुताचा शि. सा. नमस्कार.

बाबांची तब्येत ठणठणीत आहे, काळजी रेडिओची आहे. मी आणि गिरीश दिवसभर कामावर, त्यामुळे किचनमधला रेडिओ बाबांनी ताब्यात घेतलाय. इथल्या लोकल स्टेशनवर शुक्रवारी संध्याकाळी रग्बीची लाइव्ह कॉमेंट्री असते आणि मॅचनंतर जुन्या आठवणींचा कार्यक्रम. रग्बीचा एकही नियम बाबांना ठाऊक नाही, तरी त्याचा पाय धर म्हणून ते कॉमेंटेटरलाच बजावतात.

काल मॅच लांबली आणि आठवणींचा कार्यक्रम रद्द झाला. बाबांनी स्टेशनला तक्रारीचा फोन केला, तर त्यांनी बाबांना थेट एअरवरच घेतलं. बाबा म्हणाले, रग्बी म्हणजे दम न धरता खेळलेली कबड्डी, आणि आपण नागपूरला कॉलेजच्या कबड्डी टीमचे कॅप्टन होतो. निवेदिका पोट धरून हसली आणि पुढच्या महिन्यात रिटायर्ड रग्बी खेळाडूंना कबड्डी शिकवायचं आमंत्रण देऊन बसली. बाबांनी परतीचं तिकीट पुढे ढकललंय. रागावलीस तरी पत्र पाठव, माया असू दे.

तुझी ऋजुता

नागपूर, ३ मे २००६

चि. सौ. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी रग्बी म्हणजे काय ते विचारत सुटले. शेजारच्या मंजिरीने कॉम्प्युटरवर रग्बीचा फोटो दाखवला. एकावर एक रेडे पडल्यासारखं दिसतं. ह्यांची तर बाजारातून दुधी आणला तरी कंबर धरते.

आणि कॅप्टन कसले? हे टीमचे कपडे आणि चपला सांभाळायचे. मी त्याच कॉलेजात होते, रोज खेळ बघायला जायचे. तिकडचे लोक भोळे दिसतात. त्यांना खरं काय ते सांगून टाका म्हणावं. तिकीट पुढे ढकललं, त्याचं मला काही नाही. घर शांत आहे. जरा जास्तच शांत आहे.

ह्यांच्या गुडघ्याला तेल लाव. जावईबापूंना आशीर्वाद, आणि आईची आठवण ठेवा.

तुझी आई

लीड्स, २० मे २००६

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आता उशीर झाला, लोकांनी शॉर्ट्सना इस्त्री करून ठेवली असेल.

काल मैदानावर दारासारखे रुंद आजोबा ओळीने उभे होते. बाबा 'कबड्डी, कबड्डी' म्हणत आत शिरले. आजोबांना वाटलं, हे काहीतरी मागतायत. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, बाबांना अदबीने उचललं आणि पलीकडच्या रेषेवर नेऊन ठेवलं. कॉमेंटेटरने ट्राय, म्हणजे रग्बीतला गोल, जाहीर केला. गिरीश क्रेप बँडेज घेऊन धावला, पण बाबांना ओरखडाही नव्हता.

मग आठवणींच्या कार्यक्रमात निवेदिकेने कॅप्टन असतानाचे किस्से विचारले. बाबांनी माइक जवळ ओढला. आणि म्हणाले, मी कॅप्टन नव्हतो, चपला सांभाळायचो. यमुना नावाची एक मुलगी रोज कॅप्टनला बघायला यायची. ती माझी बायको कशी झाली, हे मला अजून कळलेलं नाही आणि तिला विचारायची छाती झालेली नाही.

आई, स्टेशनला फोनवर फोन येतायत. इथल्या कितीतरी आजीबाई तुझ्या उत्तरासाठी खोळंबल्यात. मीही त्यांतलीच.

तुझी ऋजुता

नागपूर, ३१ मे २००६

चि. सौ. ऋजुतास,
आशीर्वाद.

त्या कॅप्टनचं मला नावसुद्धा आठवत नाही. एवढं मोठं मैदान सोडून मी रोज चपलांच्या ढिगाशेजारी का बसायचे, हे ह्यांना इतक्या वर्षांत सुचलं नाही. तू सांगू नकोस, त्या आजीबाईंनाही नको. गिरीशरावांना माझ्या व्हिसाचं बघायला सांग. ह्यांना मी तिथे येऊन सांगेन, रेडिओ बंद करून.

तुझी आई