पाच वाजताचा आकडा

१९ मे, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. ‘आम्ही सगळे मजेत’ असं लिहिलं होतं, मग खोडलं, दिसेलच तुला. भावजींचा गुडघा कसा आहे? धाकटी पास झाल्याचं कळलं, बरं वाटलं. आमच्या प्रयोगशाळेत नेहमीचंच. विटा येतात, तापवतो, मोजतो, शिक्का मारतो.

बाबा परवापासून दवाखान्यात आहेत. उष्माघात. मी डॉक्टरांना म्हटलं, “अहो, ते दोन वर्षांत घराबाहेर पडलेले नाहीत.” त्या म्हणाल्या, “घरातच झालाय.” दुपारभर वीज नव्हती, पंखा बंद होता. पण पंख्याच्या आड किती लपू?

बाबांच्या खोलीची पश्चिमेची मातीची भिंत पाडू नको, म्हणून तू हट्ट धरला होतास. मी तापमापक तुझ्या नाकासमोर नाचवला. मातीची भिंत आतून अठ्ठावीस, माझ्या खोलीची सहा इंची सिमेंटच्या ठोकळ्यांची एकोणतीस. “एका अंशासाठी हातभर जागा अडवायची?” असं म्हणून सगळ्यांदेखत तुझं तोंड बंद केलं. वर तुझ्या घराला उंदरांचं बीळ म्हणालो. तू गेलीस ती गेलीसच, आणि मी ती भिंत पाडून तिथे ठोकळ्यांची बांधली.

ताई, ते आकडे सकाळी दहाचे होते. पश्चिमेच्या भिंतीवर तेव्हा ऊनच नसतं. हे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी पोट त्यावरच भरतो. मी संध्याकाळी पाचलाही मोजलं होतं. माती तीस, ठोकळे एक्केचाळीस. तो कागद घडी करून खिशात घातला. मला तुझ्यापुढे हरायचं नव्हतं. बस, एवढंच कारण.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना बोलता येत नाही, उजवा हात तेवढा हलतो. गवंडीकाम करताना ओल तपासायला ते हाताची पाठ भिंतीला लावायचे, आठवतं? गेला महिनाभर रोज, मी कामावरून आलो की ते नव्या भिंतीला तसाच हात लावायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी पाणी पाजायचो. एकदा तर हसून म्हणालो, “बाबा, आता निवृत्त व्हा, भिंत पक्की आहे.”

ते मला सांगत होते गं.

परवा घरी सोडणार आहेत. घर म्हणजे दोनच खोल्या, दोन्हींना पश्चिमेला तसलीच ठोकळ्यांची भिंत. तुझ्या पाया पडतो, त्यांना तुझ्या मातीच्या घरात घेऊन जा. मला उंबरठ्याच्या आत घेऊ नकोस, हवं ते बोल, पण त्यांना ने. पाच वाजताचा कागद सोबत ठेवलाय. ज्यांच्यासमोर तुला गप्प केलं, त्या सगळ्यांना दाखव.

आज सकाळी बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हाताची पाठ माझ्या गालाला लावली आणि कितीतरी वेळ तशीच ठेवली. मला सहन होत नाही, ताई. लवकर ये.

तू लाडाने ठेवलेलं नाव लिहायची लाज वाटते, तरीही,

तुझाच
मापाड्या