गडग्यावरचे सोललेले नारळ

प्रिय बशीरसर,

तुमचा कललेला माड तुटणार नाही. काल सकाळी तुमच्या लेकीचा, सलमाचा, मंडणगडहून फोन आला, तिनंच हे पक्कं सांगितलं. तोडायला नको कोण म्हणालं, माहीत आहे? तुमचे धाकटे भाऊ, इक्बालभाई. माड ज्यांच्या कौलांवर झुकलाय, तेच!

ही बातमी तुम्हाला कळायलाच हवी, असं फोन ठेवल्यापासून वाटतंय. म्हणून लिहायला बसले.

आपलं सदर आठवतं ना? दर गुरुवारी दुपारी मी राजिवड्याला तुमच्या पडवीत यायची. मराठीत मिसळलेला एखादा अरबी शब्द, त्याचं मूळ, त्याची भावंडं तुम्ही उलगडून सांगायचात. मी ते संध्याकाळपर्यंत लिहून पेपरला द्यायची. तुमचा नियम एकच, पण कडक. कोशातला अर्थ पुरेसा नाही. पडवीतून दिसेल असं उदाहरण मिळाल्याशिवाय शब्द छापायचा नाही. 'अमानत'साठी तुम्ही शेजारणीनं तुमच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली दाखवली होतीत. 'मोसम'साठी खाडीतून होडी वर ओढणारी माणसं.

शेवटी शेवटी तुम्ही तीन अरबी मुळं काढलीत. हे शब्द मराठीत नाहीत, पण त्यांचे अर्थ आपल्या गल्लीत आहेत, असं म्हणाला होतात. अढी, ओढ आणि कल.

अढीसाठी 'हिक्द'. यायचा तो पाऊस अडून राहिला, तरी जुने अरब हेच क्रियापद वापरायचे. देण्याजोगं असून आत धरून ठेवलेलं, ते हिक्द. आणि उदाहरण? तुम्ही नुसती हनुवटी गडग्याकडे केलीत. तुमच्या आणि इक्बालभाईंच्या अंगणामधला तो जांभ्या दगडांचा कमरेएवढा बांध. त्यावर दोन नारळ ठेवलेले होते.

"हा बघा हिक्द," म्हणालात. "माझ्या माडाचा नारळ त्याच्या अंगणात पडला, तर तो घरात घेत नाही. गडग्यावर आणून ठेवतो. तोंडानं एक शब्द नाही."

भांडण मला ठाऊक होतं. इक्बालभाई कुवेतला असताना तुमच्या दोघांच्या अब्बांची होडी तुम्ही त्यांना न विचारता नाटे गावच्या माणसाला देऊन टाकलीत. ते सुट्टीवर आले, थेट किनाऱ्यावर गेले, आणि तिथं होडी नव्हती. तेव्हापासून गडग्याच्या दोन्ही बाजूंना दोन घरं, आणि मधे सलामही नाही.

ओढीसाठी तुम्ही 'हनीन' सांगितलंत. पिल्लापासून दुरावलेली सांडणी घशातून काढते, तो आवाज. "आता राजिवड्यात उंट कुठून आणू?" म्हणत हसलात, आणि ते उदाहरण पुढच्या गुरुवारवर टाकलंत. कलासाठी 'मय्ल'. भिंत कलते तेही तेच, मन कलतं तेही तेच. त्यासाठी माड समोर होताच.

पुढचा गुरुवार मात्र आपल्याला मिळाला नाही.

तुमच्यानंतर सगळ्यांनी सलमाला एकच सल्ला दिला. पावसाआधी माड तोड, नाहीतर चाचांच्या घरावर येईल. तिनं माणूस ठरवला आणि राजिवड्याला येऊन, गडग्याशी उभं राहून चाचांना तसं सांगितलं. त्यांना बरं वाटेल, असंच तिला वाटत होतं. ते नको म्हणाले. मग तिनं धीर करून विचारलं, माड एवढा हवा होता, तर त्याचे नारळ परत का करायचात? त्यांना प्रश्नच कळेना.

"परत कुठं केले? सोलून ठेवायचो. तुझ्या अब्बाला नारळ सोलायला जमला काय कधी? आमची अम्मा माझ्याकडंच द्यायची."

सर, ते नारळ आठवून पाहा. माडावरून पडतो तो नारळ सोडणासकट, वरच्या जाड काथ्यासकट. गडग्यावरचे मात्र कायम सोललेले असायचे, टिकावेत म्हणून डोळ्यांवर शेंडी राखलेले. रागानं परत करायचा तर माणूस तो भिरकावून देईल. जमिनीत पहार रोवून सोलत बसेल का? तुम्ही त्यातला एकतरी हातात घेऊन पाहिलात का हो? की सलमानं ते थेट चुलीशी न्यायचे, आणि तुम्ही लांबून शब्दार्थ लावायचा?

छापण्याआधी माणसाला विचारा, हे मला तुम्हीच शिकवलंत. मग एवढं एकच उदाहरण न विचारता कसं ठरवून टाकलंत?

इक्बालभाईंची बाजू घेत नाही. दोन शब्द त्यांनाही बोलता आले असते. होडीचा राग अजून आहे, हे त्यांनी सलमापासून लपवलं नाही. हिक्द खरा होता, सर. फक्त तो नारळांत नव्हता. होडीबद्दलची अढी मनात ठेवून तेच हात तुमच्यासाठी सोडण काढत होते, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

आपण पडवीत बसलेलो असताना पलीकडून करकर आवाज यायचा, सोडण फाटल्याचा. तुम्ही वैतागून आवाज चढवायचात. त्याच आवाजात आपण दोघं 'हनीन'ला उदाहरण शोधत होतो.

आता माड तारेनं बांधून घ्यायचं ठरलंय. ताण धरायला उलट्या बाजूला भक्कम झाड हवं, आणि ते म्हणजे तुमच्या परसातला फणस. तार इक्बालभाई स्वतः बांधणार आहेत. होड्या बांधलेला हात आहे, दुसऱ्याला देणार नाहीत.

त्या तीन शब्दांचा राहिलेला मजकूर मी त्यांना विचारल्याशिवाय छापणार नाही, हा माझा शब्द. रविवारी सकाळी ते येतो म्हणालेत. फणसापर्यंत जायला त्यांना गडगा ओलांडून तुमच्या अंगणात यावं लागेल.

तुमची,
मृणाल